खाल्लेले अंगी का लागत नाही?

घरातील वडीलधारी माणसे एखाद्या किडकिडीत मुलाकडे पाहून म्हणतात, “याला खायला काही कमी नाही, पण खाल्लेले अंगी लागत नाही.” या साध्या बोलण्यात शरीरविज्ञानातील एक महत्त्वाचे सत्य दडलेले आहे. अन्न तोंडात गेले म्हणजे ते शरीरात गेले, असे आपण समजतो; परंतु ते खरे नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंत जाणारा अन्नमार्ग ही एक लांबलचक नळी आहे, आणि त्या नळीत असलेले अन्न एका अर्थाने अद्याप शरीराच्या बाहेरच असते. नळीच्या भिंतीतून पार होऊन ते रक्तात किंवा लसीकेत मिसळले, म्हणजेच ते खऱ्या अर्थाने आपले झाले. या पार होण्याच्या क्रियेला शोषण असे म्हणतात.

पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे शोषण थोडेफार बिघडले, तर माणूस रोडावतो आणि ती गोष्ट डोळ्यांना दिसते. जीवनसत्त्वांची गोष्ट निराळी आहे. त्यांची रोजची गरज इतकी अल्प असते, की त्यांच्या शोषणात खंड पडला तरी पुष्कळ दिवस काही कळून येत नाही. जेव्हा कळते, तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो. म्हणून कोणते जीवनसत्त्व कोणत्या अन्नात आहे, एवढे माहीत असून भागत नाही. ते शरीरात शिरते कसे, आणि कोणते आजार व कोणत्या सवयी त्याची वाट अडवतात, हेही जाणून घेतले पाहिजे.

शोषणाचा कारखाना

शोषणाचे बहुतेक कार्य लहान आतड्यात होते. प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याच्या आतल्या अस्तराला घड्या असतात, घड्यांवर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात, आणि त्या उंचवट्यांवरील प्रत्येक पेशीच्या टोकाला आणखी सूक्ष्म अशी लव असते. या उंचवट्यांना रसांकुर म्हणतात. या रचनेमुळे थोड्या जागेत शोषणासाठी फार मोठा पृष्ठभाग उपलब्ध होतो.

जीवनसत्त्वांचे दोन वर्ग मानतात. ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे आणि ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळतात. ‘अ’, ‘ड’, ‘ई’ आणि ‘के’ ही पाण्यात विरघळत नाहीत. ती स्निग्ध पदार्थांत विरघळतात. पहिल्या वर्गातील बहुतेक जीवनसत्त्वे आतड्यातील विशिष्ट वाहक प्रथिनांच्या साहाय्याने सरळ रक्तात जातात. दुसऱ्या वर्गातील जीवनसत्त्वांना मात्र तेलातुपाची सोबत आणि पित्तरसाचे साहाय्य लागते. हा फरक ध्यानात ठेवला, म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

एका डॉक्टरने स्वतःवर केलेला प्रयोग

शोषणाचे महत्त्व जगाच्या ध्यानी आणून देणारा एक प्रयोग अमेरिकेत बॉस्टन शहरातील एका रुग्णालयात झाला. त्या काळी घातक पांडुरोग, म्हणजे पर्निशस ॲनिमिया, हा विकार नावाप्रमाणेच घातक होता. रोगी हळूहळू पांढराफटक पडे, त्याची जीभ सोलवटल्यासारखी होई, हातापायांना मुंग्या येत, चाल अडखळू लागे, आणि अखेर त्याचा मृत्यू ओढवे. १९२६ साली मायनॉट आणि मर्फी या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले, की अशा रोग्यांना रोज भरपूर प्रमाणात प्राण्यांचे यकृत खावयास दिले तर ते बरे होतात. या शोधाबद्दल त्यांना व्हिपल या शास्त्रज्ञाबरोबर १९३४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि एक कोडे उरलेच. हे रोगी निरोगी माणसांसारखेच अन्न खात होते. मग हा रोग त्यांनाच का व्हावा? विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरला असे वाटले, की दोष अन्नात नसून रोग्याच्या जठरात असला पाहिजे. या रोग्यांच्या जठररसात आम्ल नसते, हे तेव्हा माहीत झालेले होते. कॅसलने रोग्यांना प्रथम दहा दिवस रोज २०० ग्रॅम मांस खावयास दिले. रक्तात काहीही सुधारणा झाली नाही. त्यानंतर तो स्वतः सकाळी उपाशीपोटी ३०० ग्रॅम मांसाचा खिमा खाई, तासाभराने घशात बोट घालून तो ओकून काढी, आणि ते अर्धवट पचलेले मांस योग्य संस्कार करून नळीवाटे रोग्याच्या जठरात सोडी. काही दिवसांतच रोग्याच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी मोठ्या संख्येने दिसू लागल्या!

१९२९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे वर्णन वाचताना किळस वाटेल. परंतु त्यातील तर्कशुद्धता पाहण्यासारखी आहे. नुसत्या मांसाने गुण येत नाही, नुसत्या जठररसानेही येत नाही. दोन्ही एकत्र आले तरच येतो. यावरून कॅसलने अनुमान काढले, की अन्नातील एका बाह्य घटकाला निरोगी जठरातून स्रवणाऱ्या एका आंतरिक घटकाची जोड लागते. हा बाह्य घटक म्हणजेच ब-१२ जीवनसत्त्व, हे १९४८ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केल्यानंतर स्पष्ट झाले. आंतरिक घटक हे जठराच्या अस्तरातील पेशींनी बनविलेले एक प्रथिन आहे. घातक पांडुरोगात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच जठरातील या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. त्यामुळे ताटात ब-१२ असूनही रोगी त्याला मुकतो.

ब-१२ चा खडतर प्रवास

प्रौढ माणसाला ब-१२ जीवनसत्त्व दिवसाला केवळ दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. परंतु एवढ्याशा पदार्थाचा प्रवास मोठा खडतर आहे. अन्नात ते प्रथिनांना चिकटलेले असते. जठरातील आम्ल आणि पेप्सिन यांनी ते सुटे होते. सुटे होताच लाळेतून आलेले एक प्रथिन त्याला धरते. लहान आतड्याच्या आरंभी स्वादुपिंडाचा रस ही मिठी सोडवतो आणि मग जठरातून आलेला आंतरिक घटक त्याचा ताबा घेतो. ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत जाते, आणि तेथील पेशीच तिला आत घेतात.

या साखळीतील कोणतीही कडी तुटली, तरी परिणाम एकच. वृद्धापकाळी किंवा जठराचा दाह दीर्घकाळ टिकून राहिल्यास आम्ल कमी स्रवते आणि ब-१२ अन्नापासून सुटत नाही. शस्त्रक्रियेने जठर काढून टाकल्यास आंतरिक घटकच नाहीसा होतो. आतड्याचा शेवटचा भाग रोगग्रस्त झाला, अथवा कापून काढावा लागला, तर दारच बंद होते. फिनलंडमध्ये पूर्वी कच्ची किंवा अर्धकच्ची मासळी खाणाऱ्या लोकांत एक लांब पट्टकृमी आढळत असे. तो आतड्यात राहून यजमानाच्या वाट्याचे ब-१२ स्वतःच गिळंकृत करी, आणि त्यातून काहींना पांडुरोग जडे.

येथे यकृताचे कोडेही सुटते. आंतरिक घटक नसला, तरी तोंडावाटे घेतलेल्या ब-१२ पैकी शेकडा एकच्या आसपास अंश नुसत्या पाझरण्याने आत जातो. यकृतात हे जीवनसत्त्व इतके विपुल असते, की त्याचा शंभरावा हिस्साही रोग्याला जगवू शके. आज अशा रोग्यांना इंजेक्शने देतात, अथवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या देतात; त्या गोळ्यांमागे हेच तत्त्व आहे.

एक इशारा मात्र विसरता कामा नये. आपल्या यकृतात ब-१२ चा साठा असतो आणि तो काही वर्षे पुरतो. म्हणून शोषण थांबले तरी लक्षणे फार उशिरा दिसतात. त्यातच फॉलिक आम्ल नावाच्या दुसऱ्या ‘ब’ गटातील जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोग्याने आपल्या मनाने घेतल्या, तर रक्त सुधारते आणि सर्वांना समाधान वाटते. परंतु मज्जारज्जूची हानी आत चालूच राहते. ती एका मर्यादेपलीकडे गेली, की मग भरून येत नाही. पांडुरोगाचे कारण शोधल्यावाचून औषध घेऊ नये, असे डॉक्टर सांगतात, ते याचसाठी.

दोष दाराचा की ताटाचा?

शोषणाची ही हकीकत वाचून प्रत्येक उणिवेचा दोष आतड्याला देणे चुकीचे ठरेल. ब-१२ हे केवळ सूक्ष्म जंतू तयार करतात. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसते. दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून ते मिळते. पुणे व आसपासच्या खेड्यांतील पुरुषांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले. ही पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. पुढे पुण्याजवळील खेड्यांत काही कुटुंबांना वर्षभर रोज २ किंवा १० मायक्रोग्रॅम अशी अल्प मात्रा देऊन पाहण्यात आली. तेवढ्यानेही रक्तातील प्रमाण वाढले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ उघड आहे: या लोकांच्या आतड्यांची दारे उघडीच होती, ताटात मात्र जीवनसत्त्व पुरेसे नव्हते. उपाय योजण्यापूर्वी या दोहोंतील भेद ओळखणे, हेच शास्त्राचे काम होय.

तेलाच्या थेंबाची किंमत

आता स्निग्ध पदार्थांत विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांकडे वळू. गाजर, पिकलेला आंबा, पपई आणि हिरव्या पालेभाज्या यांत कॅरोटीन नावाचे द्रव्य असते. शरीर त्याचे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करते. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले, तर प्रथम रातांधळेपणा येतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत पुढे डोळ्याचे बुबुळ मऊ पडून कायमचे अंधत्व येऊ शकते. मग ज्या प्रदेशात पालेभाजीचा तोटा नाही, तेथेही मुले आंधळी का व्हावीत?

आफ्रिकेतील रुआंडा येथे मुलांवर केलेले प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांनी एक कारण दाखवून दिले. तेथील मुलांच्या आहारात स्निग्ध पदार्थ जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे कॅरोटीन शोषले न जाता मलावाटे निघून जाई. त्याच आहारात ऑलिव्हचे तेल घातल्यावर शोषण कितीतरी पटींनी वाढले. आपल्या देशात १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात, पालेभाजीबरोबर मुलांना केवळ ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर, तेल दिल्याने ‘अ’ जीवनसत्त्वाचे रक्तातील प्रमाण सुधारल्याचे दिसले. पालेभाजीला दिलेली तेलाची फोडणी ही केवळ चवीची बाब नाही, हे यावरून कळून येईल. भाजी शिजविल्याने तिच्या पेशींची भित्तिका मऊ होते व कॅरोटीन अधिक सुटते, हा आणखी एक लाभ.

तेल असले तरी ते पचविण्यास पित्तरस हवा. पित्ताशयातील खड्याने पित्तनलिका तुंबली, तर कावीळ तर होतेच, शिवाय ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही. हे जीवनसत्त्व रक्त गोठण्यास आवश्यक असल्याने अशा रोग्याच्या जखमेतून रक्त थांबता थांबत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी शल्यवैद्य त्याला ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. नवजात बालकाजवळही याचा साठा अत्यल्प असतो आणि आईच्या दुधातून ते थोडेच मिळते. सबब जन्मतःच बालकाला हे इंजेक्शन देण्याची पद्धत आहे.

सवयीने होणाऱ्या हानीचे एक उदाहरण येथेच सांगण्यासारखे आहे. मलावरोधावर काही लोक पॅराफिनचे खनिज तेल नित्य घेतात. हे तेल आतड्यात शोषले जात नाही. उलट अन्नातील ‘अ’, ‘ड’, ‘ई’ आणि ‘के’ ही जीवनसत्त्वे स्वतःत विरघळवून घेऊन त्यांच्यासह बाहेर पडते. खाण्याचे तेल या जीवनसत्त्वांना आत नेते, तर खनिज तेल त्यांना बाहेर नेते.

अतिसार, जंत आणि आतड्यांचे विकार

आजारी मुलाला अन्न कमी द्यावे, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. परंतु आजारात शोषणही कमी होते, म्हणून तोटा दुहेरी होतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी ‘अ’ जीवनसत्त्वाला किरणोत्सर्गी खूण करून ते मुलांना दिले आणि त्यातील किती शोषले जाते हे मोजले. निरोगी मुलांच्या शरीरात ते जवळजवळ सर्व शोषले गेले. अतिसाराने व श्वसनमार्गाच्या संसर्गाने आजारी असलेल्या मुलांत मात्र शोषण बरेच घटलेले आढळले. हे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. पोटात गोल जंत झालेल्या मुलांतही अशीच घट पुढे दिसून आली. तेव्हा मुलाचे डोळे वाचवावयाचे, तर पालेभाजीबरोबरच स्वच्छ पाणी, शौचकूप आणि हात धुण्याची सवय यांचीही तितकीच गरज आहे.

काही विकारांत आतड्याचे अस्तरच सपाट होते. दक्षिण भारतातील खेड्यांत स्प्रू नावाचा दीर्घकालीन अतिसार साथीसारखा पसरत असे. वेल्लोर येथील वैद्यकीय महाविद्यालयातील बेकर आणि माथन यांनी १९६० नंतरच्या दशकात त्याचा कसून अभ्यास केला. या विकारात रसांकुर झिजून आखूड होतात, आणि फॉलिक आम्ल व ब-१२ या दोहोंचे शोषण मंदावते.

असाच दुसरा विकार सीलिॲक या नावाने ओळखला जातो. डिक या डच बालरोगतज्ज्ञाला आहारातील गहू या मुलांना बाधतो असा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. तेव्हा इतर मुले खंगत असताना या रोगाची मुले सुधारू लागली. पाव पुन्हा मिळू लागताच ती पूर्ववत आजारी पडली. गव्हातील ग्लूटेन हे प्रथिन काहींच्या आतड्यांचे अस्तर बिघडविते, हे पुढे सिद्ध झाले. उत्तर भारतात, जेथे गहू हेच मुख्य अन्न आहे, तेथे हा रोग दुर्मीळ नाही. अशा मुलाला जीवनसत्त्वांच्या कितीही गोळ्या दिल्या, तरी गहू बंद केल्याखेरीज खरा गुण येत नाही.

पाककलेतील शहाणपण

कधी कधी जीवनसत्त्व अन्नातच जखडलेले असते. मक्यातील नायसिन याचे प्रसिद्ध उदाहरण होय. अमेरिकेच्या दक्षिण भागात, इटलीत व इतरत्र मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग होई. त्यात त्वचा काळवंडे, अतिसार लागे आणि बुद्धिभ्रंशही होई. परंतु ज्या मेक्सिकोतून मका जगभर गेला, तेथे हा रोग क्वचितच दिसे. तेथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळीत आल्या आहेत. चुन्यामुळे जखडलेले नायसिन मोकळे होते आणि आतड्याला ते घेता येते. मका इतर देशांनी नेला, पण तो रांधण्याची रीत मात्र नेली नाही!

याच्या उलट उदाहरण आपल्याकडील व्यायामशाळांत सापडते. कच्ची अंडी गिळल्याने अधिक बळ येते, असे पुष्कळ तरुण मानतात. कच्च्या पांढऱ्या बलकात अव्हिडिन नावाचे प्रथिन असते आणि ते बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट धरून ठेवते. एखाद्या अंड्याने काही बिघडत नाही. परंतु पुष्कळ कच्ची अंडी दीर्घकाळ खाल्ल्यास बायोटिनची उणीव होऊ शकते. अंडे उकडले, की अव्हिडिनची ही शक्ती नाहीशी होते.

मद्य, तंबाखू आणि औषधे

मद्यपानाच्या व्यसनाने ब-१ जीवनसत्त्वाचे, म्हणजे थायमिनचे, शोषण मंदावते. मद्यपी माणूस जेवतोही कमी, आणि त्याच्या रोगट यकृतात साठाही थोडाच राहतो. या तिन्ही कारणांनी मेंदूवर आघात होऊन दृष्टी, तोल आणि स्मृती बिघडू शकतात. धूम्रपानाची गोष्ट थोडी वेगळी आहे: त्याने ‘क’ जीवनसत्त्वाचा शरीरातील खर्च वाढतो. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००० साली धूम्रपान करणाऱ्यांसाठी ‘क’ जीवनसत्त्वाची शिफारस रोज ३५ मिलिग्रॅमने वाढवून दिली. अर्थात अधिक लिंबे खाण्यापेक्षा विडी सोडणे हेच शहाणपणाचे.

औषधेही कधी कधी वाट अडवतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि जठरातील आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलसारखी औषधे वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ चे शोषण घटते. क्षयावरील आयसोनायझिडमुळे ब-६ जीवनसत्त्व निकामी होऊन लघवीवाटे निघून जाते. म्हणून त्याबरोबर ब-६ ची गोळी देतात. याचा अर्थ ही औषधे सोडून द्यावीत असा मुळीच नाही. क्षयाचे किंवा मधुमेहाचे औषध मध्येच थांबविणे प्राणघातक ठरू शकते. डॉक्टरांना विचारून वेळोवेळी रक्ताची तपासणी करून घेणे, हाच योग्य मार्ग होय.

तात्पर्य

या विवेचनावरून कोणी असे समजू नये, की गोळ्यांची बाटली हाच सर्व उणिवांवरील उपाय आहे. ‘अ’ आणि ‘ड’ ही जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात आणि त्यांचा अतिरेक विषासारखा बाधतो. बहुतेक निरोगी माणसांना मिश्र आहार, भाजीबरोबर थोडे तेल, दूध किंवा अंड्यासारख्या पदार्थांची जोड आणि स्वच्छ राहणी एवढे पुरेसे असते. परंतु अन्न पुरेसे असूनही माणूस पांढरा पडत असेल, जीभ हुळहुळत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, अतिसार हटत नसेल, किंवा मुलाला संध्याकाळी नीट दिसत नसेल, तर “खाल्लेले अंगी लागत नाही” असे म्हणून स्वस्थ बसू नये.

पूर्वी या वाक्यापाशी चौकशी संपत असे. कॅसलने तेथूनच ती सुरू केली. खाल्लेले अंगी का लागत नाही, हा प्रश्न त्याने विचारला आणि त्याचे उत्तर मिळविण्यासाठी स्वतःचे जठर प्रयोगशाळेसारखे वापरले. ज्या रोगाने एके काळी माणसे खात्रीने मरत, तो रोग झालेला माणूस आज वेळीच निदान झाल्यास पूर्ण आयुष्य जगू शकतो.